नवप्रवर्तन : अर्थ आणि प्रेरणा (नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात)

नवप्रवर्तन : एखादी नवी कल्पना, वस्तू, उत्पादनपद्धती किंवा संघटनप्रकार प्रत्यक्ष व्यवहारात आणून रूढ करण्याची प्रक्रिया. शोध, आविष्कार व नवप्रवर्तन हे शब्द व्यवहारात पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात; तथापि त्यांत भेद करणे आवश्यक आहे. निसर्गात असलेली परंतु अज्ञात गोष्ट उघडकीस आणणे, हा शोध. पूर्वी नसलेली वस्तू वा रीत निर्माण करणे, हा आविष्कार आणि असा आविष्कार लोकांच्या नित्य व्यवहारात उतरून त्याने जुन्या रीतीची जागा घेणे, हे नवप्रवर्तन होय. प्रयोगशाळेतच राहिलेला आविष्कार कितीही बुद्धिमत्तेचा असला, तरी त्यास नवप्रवर्तन म्हणता येत नाही. याउलट, अन्यत्र परिचित झालेली एखादी रीत दुसऱ्या प्रदेशात प्रथमच रुजली आणि तिने तेथील उत्पादनाची किंवा राहणीची घडी बदलली, तर त्या प्रदेशापुरते ते नवप्रवर्तनच ठरते.

नवप्रवर्तन कशामुळे घडते, या प्रश्नाचे उत्तर केवळ सिद्धांतांवरून मिळत नाही. त्यासाठी एखाद्या प्रदेशाचा इतिहास पाहावा लागतो. मराठवाड्यातील नांदेड व लातूर हे जिल्हे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. गोदावरीकाठचा नांदेड आणि मांजरा खोऱ्यातील लातूर हे दोन्ही प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाले. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (सध्याचा धाराशिव) जिल्ह्यातून निर्माण झाला. अनिश्चित पाऊस, कोरडवाहू शेती आणि विकासाचा अनुशेष यांमुळे येथे गरजेची उणीव कधीच नव्हती. असे असूनही काही क्षेत्रांत येथे मोठे बदल घडले आणि काही क्षेत्रांत निकडीची गरज असतानाही ते घडले नाहीत. या विषमतेचे कारण शोधणे, हाच प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

संकल्पनेचा विकास : अर्थशास्त्रात नवप्रवर्तनाला मध्यवर्ती स्थान देण्याचे श्रेय जोसेफ शुम्पेटर (१८८३–१९५०) या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञास दिले जाते. १९११ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या आर्थिक विकासविषयक ग्रंथात त्याने नवप्रवर्तनाचे पाच प्रकार सांगितले : नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी संघटना. या यादीत यंत्र किंवा तंत्र यांच्या बरोबरीने बाजारपेठ व संघटना यांनाही स्थान आहे, ही गोष्ट महत्त्वाची होय. नवे घडत असताना जुने मोडते, हेही शुम्पेटरने आग्रहाने मांडले आणि १९४२ मधील ग्रंथात या क्रियेस त्याने ‘सर्जनशील विध्वंस’ असे नाव दिले.

नवप्रवर्तनाच्या प्रसाराचा अभ्यास प्रामुख्याने शेतीच्या क्षेत्रात झाला. ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, याची पाहणी प्रसिद्ध केली. नव्या बियाण्याची माहिती शेतकऱ्यांना बहुधा विक्रेत्याकडून मिळाली, परंतु खात्री पटली ती शेजाऱ्याच्या शेतावरून, असे तीत आढळले. झ्वी ग्रिलिचेस याने १९५७ मध्ये त्याच पिकाचा अर्थशास्त्रीय अभ्यास करून प्रसाराचा वेग मुख्यतः मिळणाऱ्या नफ्यावर अवलंबून असतो, असे दाखविले. एव्हरेट रॉजर्स याच्या १९६२ मधील ग्रंथामुळे हा विषय समाजशास्त्रात स्थिरावला. युजिरो हायामी व व्हर्नन रटन यांनी १९७१ मध्ये प्रेरित नवप्रवर्तनाचा सिद्धांत मांडला. ज्या देशात जो उत्पादनघटक दुर्मिळ व महाग असतो, त्याची बचत करणारे तंत्र तेथे विकसित होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

‘गरज ही शोधाची जननी’ ही म्हण या सर्व अभ्यासांच्या संदर्भात तपासून पाहिली पाहिजे. गरज ही नवप्रवर्तनाची पूर्वअट असू शकते. परंतु ती पुरेशी नसते. गरजेबरोबर आणखी दोन गोष्टी लागतात. एक, ज्ञान सातत्याने जतन करणारी व वाढविणारी संस्था. दुसरी, नवे करून पाहताना होणाऱ्या संभाव्य नुकसानीचा भार उचलणारी व्यवस्था. यांतील दुसऱ्या गोष्टीकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. एक हंगाम बुडाला तर ज्याचे घर बुडते, तो नव्याचा शत्रू नसतो. त्याला नवे करून पाहणे परवडत नाही, एवढेच. पुढील उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

लोहमार्ग व बाजारपेठ : या प्रदेशात आधुनिक काळातील पहिला मोठा बदल वाहतुकीत झाला. हैदराबादहून नांदेडमार्गे मनमाडला जाणारा मीटरमापी लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. त्यामुळे गोदावरी खोऱ्यातील कापूस बाहेरच्या बाजारपेठांशी जोडला गेला आणि उमरी, धर्माबाद यांसारखी लोहमार्गावरील गावे व्यापारपेठा म्हणून पुढे आली. पुढे नांदेड येथे उस्मानशाही गिरणी उभी राहिली. महीन मलमलीसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध असलेल्या या गावात हातमागाशेजारी यंत्रमाग आला.

लातूरची कथा तांत्रिक दृष्ट्या अधिक लक्षणीय आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) या ब्रिटिश अभियंत्याच्या पुढाकाराने बार्शी लाइट रेल्वे ही कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड (कुर्डुवाडी) ते बार्शी हा २ फूट ६ इंच रुंदीचा मार्ग सुरू झाला. १९११ मध्ये तो लातूरपर्यंत पोहोचला. अरुंद मार्गांवर मोठ्या प्रमाणावर मालवाहतूक होऊ शकत नाही, असा त्या काळी समज होता. कॅलथ्रॉपने इंजिनापासून मालडब्यांपर्यंत सर्व वाहनांच्या प्रत्येक आसावरील भार ५ टनांच्या मर्यादेत समान ठेवला. त्यामुळे हलके रूळ वापरूनही डब्यांची वहनक्षमता वाढविता आली आणि मार्गाचा बांधणीखर्च आटोक्यात राहिला. रुंदमापी मार्ग परवडू नये इतक्या विरळ वाहतुकीच्या प्रदेशात लोहमार्ग नेणे यामुळे शक्य झाले. लातूरची धान्य व तेलबियांची पेठ या मार्गाच्या आधाराने वाढली. येथे गरज व्यापाऱ्यांची होती, ज्ञान अभियंत्याचे होते आणि भांडवलाची जोखीम कंपनीच्या भागधारकांनी उचलली होती. १९५४ मध्ये हा मार्ग भारत सरकारने ताब्यात घेतला. लातूर ते कुर्डुवाडी या टप्प्याचे रुंदमापी रूपांतर २००८ पर्यंत पूर्ण झाले.

कापूस : गावराणीपासून संकरापर्यंत : नांदेड परिसरात परंपरेने पिकणारा कापूस गावराणी या नावाने ओळखला जाई. हा देशी जातीचा असून त्याची मुळे खोल जातात. त्यामुळे पावसाचा खंड तो सहन करतो. देशी कापसाच्या मानाने त्याचा धागा चांगला असल्याने गिरण्यांकडून त्यास मागणी असे. हैदराबाद संस्थानाच्या काळातच या वाणावर निवडपद्धतीने संशोधन सुरू झाले आणि गावराणी-६, गावराणी-१२ असे सुधारित वाण तयार झाले. या वाणांचे वैशिष्ट्य असे की, शेतकऱ्यास आपल्याच पिकाची सरकी पुढील पेरणीसाठी राखून ठेवता येई. बियाण्यासाठी त्यास कोणाकडेही जावे लागत नसे.

गिरण्यांना लांब धाग्याच्या कापसाची गरज भासू लागल्यावर अमेरिकन जातीच्या कापसाचा प्रसार झाला. १९७० मध्ये चंद्रकांत पटेल यांनी सुरत येथील संशोधन केंद्रात ‘संकर-४’ हा कापसाचा संकर तयार केला. व्यापारी लागवडीसाठी प्रसारित झालेला तो जगातील पहिला कापूस-संकर मानला जातो. संकरित बियाणे तयार करण्यासाठी मादी वाणाच्या प्रत्येक कळीतील पुंकेसर संध्याकाळी हाताने काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे पराग तिच्यावर लावावे लागतात. एवढे मनुष्यबळ महाग मजुरीच्या देशांत परवडणारे नव्हते. भारतात ते उपलब्ध होते. भारत या क्षेत्रात पुढे गेला, त्यामागे शास्त्रज्ञांच्या कौशल्याबरोबर स्वस्त श्रमाचाही वाटा होता. हे श्रम बहुतांशी स्त्रियांचे व मुलींचे होते. हायामी व रटन यांच्या सिद्धांताचे हे बोलके उदाहरण असून, नवप्रवर्तनाची किंमत कोणाच्या श्रमातून चुकती होते, याचेही ते निदर्शक आहे.

मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना परभणी येथे १९७२ मध्ये झाली (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). या विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने १९८०–९० या दशकाच्या पूर्वार्धात ‘एनएचएच-४४’ हा संकर प्रसारित केला. शेतकऱ्यांत तो ‘नांदेड-४४’ या नावाने प्रसिद्ध आहे. आधीचे बरेच संकर ओलिताच्या व भारी खतमात्रेच्या शेतीस अनुकूल होते. नांदेड-४४ कोरडवाहू जमिनीत टिकला. निरनिराळ्या प्रतीच्या जमिनींशी जुळवून घेण्याची क्षमता, तुडतुड्यांस सहनशीलता आणि किडीने किंवा पावसाच्या खंडाने पहिला बहर गेला तरी पुन्हा फुटून पाते-फुले धरण्याचा गुण यांमुळे तो हदगाव, भोकर, किनवट या भागांतच नव्हे, तर महाराष्ट्रातील व शेजारच्या राज्यांतील कोरडवाहू पट्ट्यांतही पसरला.

या प्रसारामागे केवळ वाणाचे गुण नव्हते. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाने (महाबीज) संकरित बियाणे वाजवी दरात तालुक्याच्या गावी पोहोचविले. शासनाची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२-७३ च्या हंगामापासून सुरू झाली होती. या योजनेत अनेक दोष होते, चुकारे वेळेवर न मिळणे हा त्यांतील एक होता आणि योजनेचा तोटाही वाढत गेला. तथापि बोंड घरी आले तर ते अमुक दराने विकले जाईल, एवढी हमी तीतून मिळत होती. अशा प्रकारे ज्ञानाची जबाबदारी विद्यापीठाने, पुरवठ्याची महामंडळाने आणि बाजारभावाच्या जोखमीचा काही भाग शासनाने उचलला. शेतकऱ्याकडे निसर्गाची जोखीम उरली. नांदेड-४४ रुजला तो या तिहेरी आधारावर.

बीटी कापूस व सार्वजनिक संशोधनाची पीछेहाट : १९९० नंतरच्या दशकात अमेरिकन बोंडअळी कीटकनाशकांना दाद देईनाशी झाली. फवारण्यांची संख्या व कर्ज दोन्ही वाढली. याच सुमारास एकाधिकार खरेदीही क्षीण होत गेली व २००२ च्या सुमारास तिची मक्तेदारी संपुष्टात आली. २६ मार्च २००२ रोजी केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने बीटी कापसाच्या तीन संकरांना मान्यता दिली. ते महिको-मोन्सँटो या कंपनीचे होते. यांतील महिको ही कंपनी मराठवाड्यातीलच जालना येथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केली होती.

बीटी कापसात बोंडअळीस मारक ठरणारे प्रथिन झाडातच तयार होते. आरंभीच्या वर्षांत बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या आणि शेजाऱ्याचे हिरवे शेत पाहून शेतकऱ्यांनी हे बियाणे झपाट्याने स्वीकारले. दहा वर्षांच्या आत देशातील कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी वाण आले. नवप्रवर्तनाच्या प्रसाराचा एवढा वेग भारतीय शेतीच्या इतिहासात क्वचितच आढळतो. मात्र ४५० ग्रॅमच्या पाकिटास प्रारंभी सुमारे १,६०० रुपये पडत आणि त्यात तंत्रज्ञानाच्या स्वामित्वशुल्काचा वाटा मोठा होता. २००६ नंतर राज्यशासनांनी हस्तक्षेप केल्यावर ही किंमत निम्म्याहून खाली आली.

नांदेड-४४ हा मूळ संकर या लाटेत मागे पडला. त्याचे गुण नाहीसे झाले नव्हते. त्यात बीटी जनुक नव्हते. सार्वजनिक संशोधनसंस्थांनी बिकानेरी नरमा हा सरळ वाण व एनएचएच-४४ यांची बीटी रूपे तयार केली. २००९ मध्ये ती पुढे आली. परंतु बियाण्यातील जनुकाविषयी वाद निर्माण होऊन ती मागे घेण्यात आली. सरळ वाणातील बीटी हे शेतकऱ्यास सरकी राखून पुन्हा पेरता आले असते, म्हणून या अपयशाचे परिणाम केवळ शास्त्रीय वर्तुळापुरते राहिले नाहीत. पुढे परभणीच्या विद्यापीठाने महाबीजच्या सहकार्याने नांदेड-४४ चे बीटी रूप उपलब्ध केले. तोपर्यंत बाजारपेठ खाजगी कंपन्यांच्या वाणांनी व्यापलेली होती. दरम्यान गुलाबी बोंडअळी बीटी प्रथिनांना सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने मोठे नुकसान केले. बीटीच्या या टप्प्यात ज्ञान व पुरवठा दोन्ही होते. बाजारभाव, किडीचा प्रतिकार व कर्ज यांची जोखीम मात्र जवळजवळ सर्वस्वी शेतकऱ्याकडे गेली. एखादे नवप्रवर्तन वेगाने पसरले, एवढ्यावरून ते टिकाऊ ठरत नाही, हा यातील धडा होय.

किल्लारीचा भूकंप व घरबांधणी : लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६·२ परिमाणाचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन होते. लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. मृतांची संख्या निरनिराळ्या अंदाजांनुसार सुमारे आठ ते दहा हजार होती. एवढ्या मध्यम परिमाणाच्या भूकंपात इतकी हानी होण्याचे प्रमुख कारण घरांच्या रचनेत होते. या भागातील घरांच्या भिंती ओबडधोबड दगड व माती यांच्या, दोन ते तीन फूट जाडीच्या असत. भिंतीच्या आतील व बाहेरील थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड त्यांत सहसा नसत. वर लाकडी तुळयांवर मातीचे जाड माळवद असे. ही रचना उन्हाळ्यात गारवा देणारी, चोरदरोडेखोरांपासून संरक्षण करणारी व परिसरातील साहित्यातून होणारी म्हणून शतकानुशतके रूढ झाली होती. भूकंपात भिंतींचे थर सुटून कोसळले आणि माळवदाची माती माणसांवर आली. काही ठिकाणी लाकडी खांब व तुळयांची चौकट उभी राहिली आणि भोवतालच्या भिंती तेवढ्या पडल्या.

हा धोका ओळखण्याइतके ज्ञान देशात आधीच होते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने दख्खनचे पठार सर्वस्वी स्थिर असल्याची समजूत खोटी ठरविली होती. दगडी भिंतींत आरपार दगड घालणे, छताच्या व दारे-खिडक्यांच्या पातळीवर सलग बंधपट्टा देणे हे उपायही अभियंत्यांस ठाऊक होते. परंतु भूकंपप्रवणतेच्या अधिकृत नकाशात किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. त्यामुळे या उपायांची येथे गरज आहे, असे कोणास वाटले नाही आणि गवंड्यापर्यंत ते पोहोचलेही नाहीत. २००२ च्या सुधारित मानकात हा प्रदेश तिसऱ्या विभागात घेण्यात आला. ज्ञान असणे आणि ते व्यवहारात उतरणे यांतील अंतर किती घातक ठरू शकते, हे या घटनेइतके अन्यत्र क्वचितच दिसते.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्यशासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी स्थलांतर करण्यात आले. अन्य गावांत मूळ जागीच पुनर्बांधणी झाली. याखेरीज सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी घरमालकांना टप्प्याटप्प्याने साहाय्य देण्यात आले. या तिसऱ्या भागात घरमालक स्वतः काम करवून घेई व शासनाचा अभियंता मार्गदर्शन करी. गावपातळीवर ‘संवाद सहायक’ म्हणून स्थानिक स्त्रियांची नेमणूक झाली; या कामात स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था अग्रभागी होती. घरबांधणीसारख्या पुरुषांच्या मानल्या गेलेल्या विषयात स्त्रियांनी नकाशे समजून घेणे, साहित्य तपासणे व लोकांना पटवून देणे, हे या कार्यक्रमातील संघटनात्मक नवप्रवर्तन होते.

या कार्यक्रमाचे फलित संमिश्र राहिले. ज्या दगडाखाली माणसे दडपली, त्या दगडावरील लोकांचा विश्वास उडाला होता. त्यामुळे जुन्या भिंती मजबूत करण्याऐवजी मिळालेल्या रकमेत विटांची वा काँक्रीटच्या ठोकळ्यांची एक नवी खोली बांधून घेण्याकडे अनेकांचा कल राहिला. जुने दगडी घर वापरात राहिले आणि त्याचा धोकाही राहिला. स्थलांतरित गावांत सरळ रस्त्यांची शहरी आखणी झाली; गल्लीतील शेजार, वाडा व गोठा यांवर उभी असलेली जुनी वस्ती तीत सामावली नाही आणि पुढे लोकांनी आपापल्या गरजेनुसार घरांत फेरफार केले. आर्थिक जोखीम शासनाने घेतली होती. तथापि ज्यांच्यासाठी बदल करावयाचा, त्यांच्या जीवनपद्धतीचे ज्ञान आखणीत जेथे उतरले नाही, तेथे तो अर्धवट राहिला. ज्या कामात घरमालकास निर्णयाचा अधिकार होता, त्यात आपुलकी अधिक दिसली.

शिक्षणातील संघटन : तंत्राशिवायही नवप्रवर्तन घडते, याचे उदाहरण ‘लातूर पॅटर्न’ हे होय. हैदराबाद संस्थानात शिक्षणाचा प्रसार मंद होता व मराठी माध्यमाची सोय तुटपुंजी होती. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी अग्रभागी होते. प्रादेशिक अनुशेषाचा विचार करण्यासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. या पार्श्वभूमीवर लातूर येथील दयानंद महाविद्यालय (स्थापना १९६१) व राजर्षी शाहू महाविद्यालय (स्थापना १९७०) यांसारख्या संस्थांनी अभ्यासक्रम लवकर पूर्ण करणे, जादा तास, वारंवार सराव परीक्षा व उत्तरपत्रिकांची चिकित्सा अशी शिस्तबद्ध पद्धती बसविली. ग्रामीण भागातील विद्यार्थी वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांत लक्षणीय संख्येने दिसू लागले. यांतील कोणताही घटक स्वतंत्रपणे नवा नव्हता. त्यांची सातत्यपूर्ण जुळणी नवी होती. कालांतराने तिचे अनुकरण खाजगी शिकवणीवर्गांनी केले. त्याबरोबर खर्चाचा भार संस्थेकडून पालकाकडे सरकला आणि परीक्षेतील गुण म्हणजेच शिक्षण, अशी समजूत बळावली, अशी टीकाही या पद्धतीवर झाली.

पाणी : अपुरा राहिलेला बदल : २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० कि.मी. अंतरावरून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने १० टाक्यांतून ५ लाख लिटर पाणी आणले. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या धावल्या. रेल्वेने पाणी आणणे, हे कौतुकास्पद संकटनिवारण होते, नवप्रवर्तन नव्हते. पाणी वापरण्याची रीत त्यामुळे बदलली नाही.

मांजरा खोऱ्यात पाण्याचा मोठा वाटा उसास जातो. सहकारी साखर कारखाना हे महाराष्ट्राचे एक यशस्वी संघटनात्मक नवप्रवर्तन असून, १९८० नंतर लातूर जिल्ह्यातही त्याने अनेक कुटुंबांस स्थैर्य दिले. परंतु त्यामुळेच पाण्याच्या दुर्भिक्षाच्या प्रदेशात सर्वाधिक पाणी पिणारे पीक स्थिरावले. याचा दोष केवळ शेतकऱ्याच्या हव्यासावर ढकलणे चुकीचे आहे. उसास कायद्याने ठरलेला किमान दर आहे, ठरलेला ग्राहक आहे आणि गारपिटीत किंवा पावसाच्या खंडात तो सहसा पूर्णपणे बुडत नाही. तूर, हरभरा व सोयाबीन या पिकांची मोठी पेठ लातूर येथेच आहे; तरी त्यांच्या खरेदीची तशी खात्री नाही. तुरीचा हमीभाव जाहीर होणे आणि त्या भावाने ती खरेदी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कमी पाण्याच्या पिकाकडे वळणाऱ्या शेतकऱ्याची जोखीम जोपर्यंत अन्य कोणी वाटून घेत नाही, तोपर्यंत दुष्काळाच्या तीव्रतेने पीकपद्धती बदलेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ ठरते.

मूल्यमापन : वरील उदाहरणांत गरजेचे प्रमाण सर्वत्र सारखेच तीव्र होते; फलित मात्र भिन्न राहिले. बार्शी लाइट रेल्वे व नांदेड-४४ यांच्या बाबतीत गरज, ज्ञान व जोखमीची वाटणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि बदल रुजला. बीटी कापसात पहिल्या दोन होत्या, तिसरी नव्हती. बदल वेगाने पसरला व त्याचा भार दुर्बळ घटकावर पडला. किल्लारीत ज्ञान आधी होते, पण ते गवंड्यापर्यंत नेणारी संस्था नव्हती. ती आली तेव्हा हजारो माणसे मरण पावली होती. पाण्याच्या प्रश्नात गरज व ज्ञान दोन्ही असूनही जोखीम वाटून घेणारी व्यवस्था उभी राहिली नाही आणि म्हणून बदल अपुरा आहे.

नवप्रवर्तन हे एकट्या प्रतिभावंताचे कर्तृत्व असते, ही कल्पना लोकप्रिय असली, तरी या दोन जिल्ह्यांचा इतिहास तिला पुष्टी देत नाही. नवे करून पाहणाऱ्याचे पाऊल चुकले, तर त्याला सावरून घेण्याची तयारी समाज, शासन व संस्था यांनी किती ठेवली आहे, यावर त्याची गती व दिशा अवलंबून असते. कोरडवाहू प्रदेशात ही तयारी अधिक लागते. कारण तेथे निसर्गाने जोखमीचा मोठा वाटा आधीच शेतकऱ्याच्या पदरात टाकलेला असतो.